लेखक, कारागीर आणि अडत्या : स्वप्रकाशनाच्या ऑनलाइन बाजारपेठेचा पूर्वेतिहास

पुस्तक सिद्ध व्हायला लेखकाखेरीज आणखी काही हात लागतात. हस्तलिखित वाचून त्याच्या घडणीविषयी मत देणारा, भाषा आणि तपशील तपासणारा, मुद्रिते शोधणारा, पानांची मांडणी करणारा, मुखपृष्ठ काढणारा आणि पुस्तक निघाल्याची वार्ता वाचकांपर्यंत पोचवणारा, अशी ही मंडळी. ती सारी ज्या एका छपराखाली भेटतात त्याला आपण प्रकाशनसंस्था म्हणतो. या छपराची आपल्याला इतकी सवय झाली आहे, की साहित्याचा इतिहास लिहिताना ते पहिल्यापासून तिथे होतेच असे आपण गृहीत धरतो. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात इंग्रजी ग्रंथव्यवहारात या छपराखालची एकेक सेवा सुटी करून विकायला ठेवण्यात आली. लेखकाने संगणकासमोर बसून संपादकांची यादी चाळावी, त्यांनी पूर्वी केलेली पुस्तके पाहावीत, दर विचारावेत आणि पसंत पडेल तो संपादक नेमावा, अशी सोय करून देणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठा उभ्या राहिल्या.

या बाजारपेठांविषयी बोलताना सहसा दोन सूर लागतात. एका पक्षाला त्यांत लेखकाची मुक्ती दिसते, तर दुसऱ्याला साहित्याची अवनती. दोन्ही पक्ष एक गोष्ट मात्र सारखीच मानून चालतात, ती म्हणजे असे पूर्वी कधी घडले नव्हते. प्रस्तुत लेखात या समजुतीचीच तपासणी करायची आहे. स्वतःच्या खर्चाने, कारागीर नेमून, विक्रीसाठी अडत्याला दलाली देऊन लेखकाने पुस्तक काढणे ही जुनी रीत आहे. नवे काही असेल, तर ते या व्यवहारात संपादकाच्या स्थानाचे जे झाले ते. आणि त्याची दखल साहित्याच्या अभ्यासकांनी घेतली पाहिजे, कारण तो प्रश्न अखेर संहितेपर्यंत येऊन पोचतो.

१

जेन ऑस्टेनची 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' ही पहिली प्रकाशित कादंबरी १८११ साली लंडनच्या टॉमस एजर्टनने काढली, ती कमिशनच्या बोलीवर. ही बोली त्या काळी सर्रास चाले. कागद, छपाई आणि जाहिरात यांचा खर्च लेखकाचा. हिशेब ठेवणे आणि प्रती दुकानांपर्यंत पोचवणे हे काम प्रकाशकाचे. विक्रीवर प्रकाशकाला दलाली मिळे, आणि तोटा आला तर तो लेखकाच्या अंगावर पडे. आपल्याकडे बाजार समितीच्या आवारात शेतकऱ्याचा माल विकून देणारा अडत्या याच तत्त्वावर काम करत आला आहे. माल त्याचा नसतो, पीक बुडाल्याची झळही त्याला तितकीशी लागत नाही. विक्री झाली की अडत मात्र मिळते.

ऑस्टेनला या पहिल्या कादंबरीने १४० पौंडांचा नफा दिला. पुढच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चे हक्क तिने एजर्टनला ११० पौंडांना विकून टाकले. पुस्तक चालले आणि लाभ एजर्टनचा झाला. मग 'एमा'च्या वेळी जॉन मरे या प्रतिष्ठित प्रकाशकाने तीन कादंबऱ्यांच्या हक्कांसाठी ४५० पौंड देऊ केले, तेव्हा तिने ते नाकारले आणि १८१५ मध्ये १० टक्के कमिशनच्या बोलीवर स्वतःच्या जोखमीने पुस्तक काढले. हा निर्णय तिच्या पदरात फारसे टाकून गेला नाही. 'मॅन्सफील्ड पार्क'च्या दुसऱ्या आवृत्तीचा तोटा 'एमा'च्या नफ्यातून वळता करण्यात आला आणि तिच्या हयातीत 'एमा'चे जेमतेम ३८ पौंड तिला मिळाले. ज्या लेखिकेला आपण अभिजात परंपरेच्या मध्यभागी बसवतो, ती व्यवहाराच्या दृष्टीने स्वप्रकाशित लेखिकाच होती.

मात्र या उदाहरणाला आणखी एक पदर आहे. मरे नुसता अडत्या नव्हता. हस्तलिखिते वाचण्यासाठी विल्यम गिफर्ड हा समीक्षक त्याच्या पदरी होता आणि 'एमा'चे हस्तलिखित त्याने वाचले होते. ऑक्सफर्डच्या कॅथरिन सदरलंड यांनी २०१० मध्ये ऑस्टेनच्या उपलब्ध हस्तलिखितांच्या आधारे असे मांडले, की तिच्या छापील गद्यातली विरामचिन्हांची शिस्त आणि वाक्यांचा नेटकेपणा यांत दुसऱ्या कोणाचा तरी, बहुधा गिफर्डचा, हात असावा. या मतावर बराच वाद झाला. त्याचा निकाल आपल्याला इथे लावायचा नाही. खर्च लेखिकेचा असतानाही हस्तलिखित वाचणारा माणूस मात्र प्रकाशकाचा होता, एवढीच गोष्ट ध्यानात ठेवायची आहे.

अमेरिकेत वॉल्ट व्हिटमनने १८५५ साली 'लीव्ज ऑफ ग्रास'ची पहिली आवृत्ती स्वतःच्या पैशाने ब्रुकलिनमधल्या रोम बंधूंच्या छापखान्यात छापून घेतली. काही पानांचे खिळे त्याने स्वतः जुळवले. पुढे पुस्तकाची स्तुती करणारे निनावी अभिप्रायही स्वतःच लिहून वृत्तपत्रांत छापवले. लेखक, जुळारी, प्रकाशक आणि समीक्षक या चार भूमिका एकाच माणसाने वठवल्याचे याहून ठळक उदाहरण नसेल. आजच्या ऑनलाइन विक्रीकेंद्रांवर आपल्याच पुस्तकाला पाच तारे देणाऱ्या लेखकाला हसण्यापूर्वी व्हिटमन आठवावा.

अशा व्यवहारात फसवणूकही होती. खर्चाचे आकडे फुगवणारे, जाहिरातीच्या नावाखाली पैसे उकळणारे प्रकाशक लंडनमध्ये कमी नव्हते. वॉल्टर बेझंट याने १८८४ मध्ये 'सोसायटी ऑफ ऑथर्स' ही लेखकांची संघटना स्थापली. छपाईचा खरा खर्च किती येतो हे लेखकांना समजावून सांगणे हे तिच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते. एकविसाव्या शतकात तेच काम नव्या संघटनांना पुन्हा हाती घ्यावे लागले.

२

प्रकाशकाने सारी जोखीम स्वतः घ्यावी, लेखकाला स्वामित्वधन द्यावे आणि त्याच्या मोबदल्यात काय छापायचे, कसे छापायचे याचा अधिकार स्वतःकडे ठेवावा, ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हळूहळू रुळली आणि विसाव्या शतकात तीच स्वाभाविक वाटू लागली. या व्यवस्थेने साहित्याला एक नवी व्यक्ती दिली. पैसा प्रकाशकाचा, म्हणून हस्तलिखित वाचणाऱ्याच्या शब्दाला वजन. तो 'नाही' म्हणू शकत होता आणि त्या 'नाही'चा परिणाम होत होता.

टॉमस हार्डीचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे. 'द पुअर मॅन अँड द लेडी' ही त्याची पहिली कादंबरी चॅपमन अँड हॉल या संस्थेकडे गेली, तेव्हा तिथे हस्तलिखिते वाचण्याचे काम कादंबरीकार जॉर्ज मेरेडिथ करत असे. १८६९ मध्ये मेरेडिथने हार्डीला समोर बसवून सांगितले, की हे पुस्तक छापले तर टीकाकार तुटून पडतील. ते बाजूला ठेव आणि अधिक कथानक असलेले काही लिही. हार्डीने ऐकले. ती कादंबरी कधीच प्रसिद्ध झाली नाही. पुढची 'डेस्परेट रेमेडीज' मात्र त्याने १८७१ मध्ये टिन्स्ली बंधूंना स्वतःच्या खिशातले ७५ पौंड देऊन छापून घेतली. एकाच लेखकाच्या उमेदवारीत दोन्ही रीती भेटतात. एक नकार त्याने मानला, आणि पुढच्या पुस्तकाची वाट पैसे देऊन मोकळी करून घेतली.

एडवर्ड गार्नेट आणि डी. एच. लॉरेन्स यांची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. डकवर्थ या प्रकाशनसंस्थेसाठी वाचनाचे काम करणाऱ्या गार्नेटने 'सन्स अँड लव्हर्स'च्या हस्तलिखितातला सुमारे एक दशांश मजकूर काढून टाकला. लॉरेन्स कष्टी झाला. तरी त्याने ती छाटणी मान्य केली आणि १९१३ मध्ये निघालेले पुस्तक गार्नेटलाच अर्पण केले. संपूर्ण संहिता केंब्रिजने १९९२ मध्ये छापली, तेव्हा अभ्यासकांपुढे प्रश्न उभा राहिला : लॉरेन्सची कादंबरी कोणती? ऐंशी वर्षे वाचली गेलेली की आता वाचायला मिळालेली?

या अधिकाराची काळी बाजूही विसरता कामा नये. १९८१ मध्ये आलेल्या रेमंड कार्व्हरच्या 'व्हॉट वी टॉक अबाउट व्हेन वी टॉक अबाउट लव्ह' या संग्रहातून संपादक गॉर्डन लिशने निम्म्याहून अधिक मजकूर उडवला होता. कार्व्हरने प्रकाशन थांबवण्याची विनवणी करणारे पत्र लिहिले. पुस्तक तरीही निघाले आणि त्यावरच कार्व्हरची मितभाषी शैलीकार म्हणून कीर्ती झाली. मूळ कथा 'बिगिनर्स' या नावाने २००९ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर एकवीस वर्षांनी, स्वतंत्र पुस्तकरूपात आल्या. संपादकाचा अधिकार जितका घडवणारा तितकाच दडपणाराही असू शकतो. मात्र गार्नेट असो वा लिश, त्यांचा अधिकार येत होता तो लेखकाकडून नव्हे. त्यांच्यामागे तिसऱ्याच कोणाचा तरी पैसा उभा होता.

३

हे छप्पर बाहेरच्यांनी मोडले असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. ते आधी आतूनच पोकळ होऊ लागले होते. १९८० च्या दशकात ब्रिटन-अमेरिकेतल्या प्रकाशनसंस्था मोठ्या उद्योगसमूहांनी गिळल्या, आणि पगारी भाषासंपादक व मुद्रितशोधक यांचे काम बाहेरच्या मुक्त व्यावसायिकांकडे जाऊ लागले. ब्रिटनमध्ये १९८८ साली अशा मुक्त संपादक-मुद्रितशोधकांची संघटना स्थापन झाली. २०२० मध्ये तिला सनदी संस्थेचा दर्जा मिळाला. म्हणजे ऑनलाइन बाजारपेठ आली तेव्हा घरी बसून, पानांच्या हिशेबाने काम करणारा कुशल संपादक आधीच अस्तित्वात होता. गिऱ्हाईक मात्र त्याला प्रकाशकाकडूनच मिळत असे. लेखकाला तो कुठे सापडेल याची वाट नव्हती.

ती वाट बांधणारी कल्पना साहित्याबाहेरून आली. टॉमस मॅलोन आणि रॉबर्ट लॉबाकर यांनी १९९८ मध्ये 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू'त एक लेख लिहिला. इंटरनेटने जोडलेले मुक्त व्यावसायिक एकेका कामापुरते एकत्र येतील आणि काम संपताच पांगतील, असे भाकीत त्यात होते. त्या लेखातल्या शब्दावरून एका कंपनीचे नाव 'इलान्स' पडले. तिच्या संस्थापकांपैकी बीरुद शेठ हे मुंबईच्या आयआयटीचे विद्यार्थी. २००३ मध्ये 'ओडेस्क' आली. या दोन्ही पुढे एकत्र होऊन २०१५ मध्ये त्यांचे 'अपवर्क' झाले. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातून '९९डिझाइन्स' निघाली. तिथे एका मुखपृष्ठासाठी अनेक चित्रकारांनी नमुने पाठवायचे आणि निवडलेल्या एकालाच पैसे मिळायचे, अशी स्पर्धेची पद्धत होती. २०१० मध्ये इस्रायलमधून सुरू झालेल्या 'फाइव्हर'वर आरंभी प्रत्येक कामाची किंमत पाच डॉलर असे.

या साऱ्यांची यंत्रणा थोडक्यात अशी. काम देणारा कामाचे वर्णन लिहितो, करणारे बोली लावतात. ठरलेली रक्कम मध्यस्थाकडे आगाऊ ठेवली जाते आणि काम पसंत पडल्यावर सुटते. दोघेही एकमेकांना गुण देतात. मध्यस्थ आपली अडत कापून घेतो. प्रकाशनसंस्थेत संपादकाची पत त्याच्या पुस्तकांवरून आणि सहकाऱ्यांच्या मतावरून ठरे. इथे ती गिऱ्हाइकाने दिलेल्या ताऱ्यांवरून ठरू लागली. हा फरक आता किरकोळ वाटेल. पुढे तो मोठा होतो.

४

दरम्यान स्वप्रकाशनाचे तंत्र बदलले होते. मागणीनुसार एकेक प्रत छापून देणारे यंत्रशास्त्र १९९७ च्या सुमारास अमेरिकेत व्यवहारात आले आणि त्याच्या बळावर 'एक्सलिब्रिस', 'आययुनिव्हर्स' यांसारख्या कंपन्या निघाल्या. त्या सेवा सुट्या विकत नसत. संपादन, मुखपृष्ठ आणि प्रसिद्धी यांचे एकत्र गाठोडे बांधून विकत. त्यांतल्या बऱ्याच 'ऑथर सोल्युशन्स' या समूहात गोळा झाल्या. पेंग्विनच्या मालकांनी २०१२ मध्ये हा समूह ११ कोटी ६० लाख डॉलरना विकत घेतला आणि २०१३ मध्ये 'पार्ट्रिज' या नावाने त्याची भारतीय शाखाही काढली. त्याच वर्षी काही लेखकांनी, सेवा निकृष्ट आणि विक्रीतंत्र फसवे असल्याचा आरोप करत न्यूयॉर्कच्या न्यायालयात या समूहावर दावा लावला. तो २०१५ मध्ये मिटवण्यात आला आणि २०१६ च्या आरंभी हा समूह पेंग्विन रँडम हाउसने विकून टाकल्याचे जाहीर झाले. परंपरेने ज्याला हौशी लेखकांची लूट म्हणून हिणवले, तोच धंदा परंपरेच्या एका मानकऱ्याने विकत घ्यावा, यात एका युगाचा शेवट वाचता येतो.

अॅमेझॉनने २००७ च्या नोव्हेंबरात 'किंडल' बाजारात आणले आणि त्याबरोबरच लेखकाला स्वतःचे पुस्तक थेट चढवण्याची सोय दिली. २०१० पासून ठरावीक किंमतपट्ट्यातल्या पुस्तकांवर लेखकाला ७० टक्के वाटा मिळू लागला. छपाई आणि वितरण यांचा खर्च जवळजवळ शून्यावर आला. ऑस्टेनला ज्या कागदासाठी पैसे गुंतवावे लागत तो कागदच उरला नाही.

उरले ते संपादन, मुखपृष्ठ आणि मांडणी, म्हणजे माणसाचे काम. ही उणीव पहिल्यांदा उघड्यावर आली ती मिनेसोटाच्या अमांडा हॉकिंग या तरुण लेखिकेमुळे. तिच्या स्वप्रकाशित ई-कादंबऱ्यांच्या दहा लाखांहून अधिक प्रती वर्षभराच्या आसपास खपल्या. तरीही मार्च २०११ मध्ये तिने सेंट मार्टिन्स प्रेस या पारंपरिक प्रकाशकाशी चार पुस्तकांसाठी सुमारे वीस लाख डॉलरचा करार केला. आपल्याला लेखिका व्हायचे आहे. पत्रांना उत्तरे देण्यात, मुखपृष्ठे करण्यात आणि संपादक शोधण्यात आठवडा घालवायचा नाही, अशा अर्थाचे तिने त्या वेळी लिहिले. जिला प्रकाशकाच्या पैशाची गरज नव्हती, तिला त्याचे छप्पर हवे होते.

याच पोकळीत लेखकांसाठीच्या खास बाजारपेठा उभ्या राहिल्या. अॅमेझॉनच्या 'ऑडिबल'ने २०११ मध्ये 'एसीएक्स' सुरू केले. तिथे लेखक आणि वाचिक कलावंत भेटतात, आणि हातात पैसा नसेल तर स्वामित्वधन निम्मे-निम्मे वाटून घेण्याची बोली करू शकतात. 'बेबलक्यूब'ने अनुवादकांसाठी तशीच भागीदारी आणली. ही भागीदारी कागदावर न्याय्य वाटते. प्रत्यक्षात जोखीम कारागिराच्या गळ्यात पडते, कारण पुस्तक न खपल्यास त्याचे श्रम फुकट जातात. कमिशनच्या जुन्या बोलीत निदान छापखान्याचे बिल लेखक भरत असे.

यांपैकी संपादनाच्या दृष्टीने महत्त्वाची संस्था म्हणजे इमॅन्युएल नाताफ, रिकार्डो फाये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लंडनमध्ये स्थापलेली 'रीडझी'. पाच डॉलरच्या बाजाराहून तिची रीत निराळी. मोठ्या प्रकाशनसंस्थांत काम केलेले संपादक, चित्रकार आणि प्रसिद्धितज्ज्ञ निवडूनच ती यादीत घेते. लेखक आपल्या पुस्तकाचा गोषवारा आणि नमुना एका वेळी पाच जणांपर्यंत पाठवू शकतो; त्यांची अंदाजपत्रके येतात; करार होतो आणि पैसे हप्त्यांनी चुकते होतात. अडत लेखकाकडून १० टक्के आणि व्यावसायिकाकडून १० टक्के. जॉन मरेने 'एमा'वर घेतलेली टक्केवारी दोनशे वर्षांनी दोन्ही बाजूंनी वसूल होताना पाहून इतिहासाच्या वाचकाला गंमत वाटावी. उलट अॅमेझॉनने मात्र आपल्या 'क्रिएटस्पेस' या शाखेतून मिळणाऱ्या संपादन-मांडणीच्या सशुल्क सेवा २०१८ मध्ये बंद केल्या. वितरण एकाच्या मुठीत एकवटले, आणि माणसाचे काम सुट्या बाजारात गेले.

५

या बाजारपेठेने काय दिले ते आधी नीट नोंदवू. आडगावी राहणाऱ्या लेखकाला लंडन-न्यूयॉर्कचा अनुभवी संपादक मिळण्याची शक्यता निर्माण झाली. नोकरी गेलेल्या संपादकाला प्रकाशकाच्या मेहेरबानीविना काम मिळू लागले. दर उघड झाले. व्यवहार लेखी झाला. ज्यांच्या विषयांना, बोलींना किंवा वाचकवर्गाला प्रकाशकांनी कधी दारातच उभे केले नाही, त्यांना दार ठोठावण्याची गरज उरली नाही. हे लाभ खरे आहेत आणि त्यांना नाके मुरडणे हे ज्यांना पूर्वीपासून आत जागा होती त्यांनाच परवडते.

पण विकत घेतलेला संपादक आणि प्रकाशकाने नेमलेला संपादक यांत एक मूलभूत अंतर आहे. बाजारपेठेतला संपादक लेखकाचा नोकर नसला तरी लेखक त्याचा गिऱ्हाईक आहे. हे पुस्तक अजून झालेले नाही, किंबहुना हे पुस्तक काढूच नये, असे तो प्रामाणिकपणे सांगू शकतो, आणि चांगले संपादक तसे सांगतातही. परंतु त्या सांगण्यामागे जोर नसतो. लेखक त्याचे आभार मानतो, बिल भरतो आणि त्याच रात्री पुस्तक चढवतो. किंवा दुसऱ्या संपादकाकडे जातो. शिवाय नकाराची किंमत संपादकालाच मोजावी लागते, ताऱ्यांच्या रूपाने. मेरेडिथला हार्डीकडून गुण मिळवायचे नव्हते.

म्हणजे बाजारात मिळते ते कौशल्य. मतभेदाला लागणारे बळ तिथे विकायला नसते. लेखकाला जे ऐकायचे नाही ते ऐकवण्यासाठी ऐकवणाऱ्याचेही काहीतरी पणाला लागलेले असावे लागते : त्याचा पैसा, त्याची संस्था, त्याचे नाव. अमेरिकेत एकट्या २०१८ या वर्षात स्वप्रकाशित पुस्तकांना मिळालेल्या आयएसबीएन क्रमांकांची संख्या सोळा लाखांवर गेली. यांतली किती पुस्तके कोणा दुसऱ्या माणसाने खरोखर अडवून, वाद घालून, पुन्हा लिहायला लावून घडली असतील? २०२३ पासून यंत्रानेच लिहिलेल्या मजकुराचा पूर आला. त्या वर्षाच्या सप्टेंबरात अॅमेझॉनला एका लेखकाने दिवसाला तीनच नवी पुस्तके चढवावीत अशी मर्यादा घालावी लागली. विकत घेतलेल्या संपादकाला आता आणखी एक स्पर्धक आला आहे. तो कंटाळत नाही, आणि लेखकाच्या पुस्तकात त्याचे स्वतःचे काहीच पणाला लागलेले नसते.

६

मराठीचा विचार येथे करायचा तो दोन कारणांनी. पहिले व्यावहारिक. २०१६ च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकांचे दालन उघडले आणि हाच व्यवहार आपल्या दाराशी आला. तेव्हा पहिली अडचण आली ती अक्षरांची. वर्षानुवर्षे श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये नेताना रफार, जोडाक्षरे आणि वेलांट्या यांची मोडतोड होते आणि सारे पुस्तक नव्याने वाचून काढावे लागते. या कामाला लागणारा जाणता मुद्रितशोधक कुठे शोधायचा, हा मराठी लेखकाचा रोकडा प्रश्न आहे. पदरमोड करून पुस्तक काढण्याची चाल आपल्याकडे जुनीच आहे. पण डीटीपीवाला, छापखाना आणि विक्रेता एवढ्यांची गाठ घेतली की पुस्तक झाले, असे मानण्याची सवयही तितकीच जुनी आहे. या साखळीत संपादकाची कडी बहुधा नसतेच.

दुसरे कारण वैचारिक. नकार देऊ शकणारा संपादक आपण पाहिला आहे. मौज आणि 'सत्यकथा' यांच्याशी श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांची नावे निगडित आहेत ती लेखकाशी चिकाटीने वाद घालणाऱ्या, पुनर्लेखन मागणाऱ्या संपादनामुळे. आणि त्या नकाराविरुद्धचे बंडही आपण पाहिले आहे. १९६९ मध्ये लघुनियतकालिकांच्या चळवळीतल्या तरुणांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळी केली. कोणाची भाषा 'साहित्यिक' आणि कोणाची नव्हे, हे ठरवण्याच्या अधिकारालाच त्यांनी आव्हान दिले होते. चक्रमुद्रित अंक काढणाऱ्या त्या तरुणांकडे पैसा नव्हता. परंतु परस्परांची कविता नामंजूर करण्याइतका अधिकार मात्र त्यांनी एकमेकांना दिला होता.

याचे एक सुस्थिर रूप मुंबईतच १९७६ मध्ये दिसले. अरुण कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चार कवींनी 'क्लिअरिंग हाउस' ही सहकारी स्वरूपाची प्रकाशनसंस्था काढली आणि आपली इंग्रजी पुस्तके आपणच प्रसिद्ध केली. 'जेजुरी' त्यांतलेच एक. जाहिरातक्षेत्रात मुरलेल्या कोलटकरांनी पुस्तकांचे दृश्यरूप सांभाळले. इथे लेखकच प्रकाशक होते आणि कारागीरही; अडत्या नव्हता. संपादकाचा अधिकार पैशातून येत नव्हता, तो समानधर्म्यांच्या परस्परविश्वासातून येत होता. प्रकाशनसंस्थेचे छप्पर आणि सुटा बाजार या दोहोंखेरीज तिसरी शक्यता असते, ती ही.

शेवटी अभ्यासकांच्या जबाबदारीचा मुद्दा. गार्नेटने काय कापले, लिशने काय उडवले हे आपल्याला ठाऊक आहे, कारण ती हस्तलिखिते आणि पत्रे टिकली. मरेचे दप्तर एडिंबरोच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे, स्क्रिब्नर्सचे प्रिन्स्टन विद्यापीठात, लिशचे इंडियाना विद्यापीठात. संस्था होत्या म्हणून दप्तरे राहिली. ऑनलाइन बाजारपेठेत लेखक-संपादकांचा संवाद होतो तो मध्यस्थाच्या संगणकावरच्या निरोपांतून आणि दुरुस्त्या दाखवणाऱ्या फायलींतून. काम संपले की तो कुणाच्याच मालकीचा, म्हणून कुणाच्याच काळजीचा राहत नाही. उद्याच्या पाठचिकित्सेला आजच्या स्वप्रकाशित पुस्तकाची जडणघडण समजून घ्यायची असेल तर हाती काहीच लागणार नाही.

तेव्हा जे विद्यार्थी आणि अध्यापक स्वतः लिहितात आणि स्वतःचे पुस्तक स्वतः काढतात, त्यांना दोन गोष्टी सहज करता येतील. ज्याने हस्तलिखित वाचून वाद घातला त्याचे नाव मुद्रकाच्या नावाइतक्याच ठळकपणे श्रेयपानावर छापावे. आणि त्याच्या दुरुस्त्यांसह जुना खर्डा, लेखकाने झिडकारलेल्या सूचनांसकट, जपून ठेवावा.